चिखलाच्या बाजूने

पावसाळ्यात बातम्या ऐकणाऱ्या प्रत्येकाला नांदूर मध्यमेश्वर हे नाव पाठ असतं. ‘नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्यातून जायकवाडीच्या दिशेने अमुक हजार क्युसेक विसर्ग.’ मराठवाडा त्या आकड्याकडे डोळे लावून बसतो, नाशिककर आपलं पाणी चाललं म्हणून हळहळतात, आणि या वार्षिक भांडणात त्या बंधाऱ्याच्या मागे नेमकं काय आहे हे विचारायला कुणाला सवड होत नाही. बंधाऱ्याच्या मागे चिखल आहे. शंभर वर्षांहून जास्त काळ गोदावरीने आणि कादवेने आणून टाकलेला, मैलोगणती पसरलेला चिखल. आज मला त्याची बाजू मांडायची आहे, कारण नदी वाचवण्याच्या आपल्या सगळ्या बोलण्यात पाणी असतं, घाट असतात, आरती असते. चिखलाचं नाव निघालं तर तो काढायचा कसा एवढ्यापुरतंच.

बंधारा इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला. हेतू सरळ होता. निफाड तालुक्यात गोदावरी-कादवेच्या संगमाशी पाणी अडवायचं आणि दोन्ही काठांच्या कालव्यांनी खालच्या कोरडवाहू मुलखात, कोपरगाव-राहात्याकडे न्यायचं. पाणी अडलं तसा पाण्याबरोबर येणारा गाळही अडला. त्याची बेटं झाली, बेटांवर लव्हाळा आणि पाणकणीस माजलं, मग कीटक आले, मासे आले, त्यांच्यामागून पक्षी. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात जे नुकसान होतं त्यातून एक पाणथळ उभी राहिली. १९८६ साली ते पक्षी अभयारण्य झालं आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय रामसर करारातली महत्त्वाची पाणथळ, म्हणून त्याचं नाव जाहीर झालं. लोणार आणि ठाण्याची खाडी नंतर आली. लोक त्याला ‘महाराष्ट्राचं भरतपूर’ म्हणतात. मला अशी उसनी विशेषणं फारशी आवडत नाहीत, पण या एका बाबतीत ती बरोबर बसते: भरतपूरची पाणथळही माणसाने बांध घातल्यामुळेच झालेली. ‘नैसर्गिक’ आणि ‘मानवनिर्मित’ अशी जी रेघ आपण मारतो ती पक्ष्यांना ठाऊक नसते.

चापडगावच्या बाजूने थंडीत आत शिरलं की पहिल्यांदा आवाज येतो. निफाडची थंडी, धुकं, द्राक्षबागांवरून येणारा औषधाचा वास, आणि त्या सगळ्याच्या पलीकडून हजारो गळ्यांचा एक अखंड कलकलाट. माझ्याबरोबर गावातलाच एक तरुण वाटाड्या होता. त्याच्या खांद्यावर दुर्बीण आणि तिपाई होती, पण तो बराच वेळ दुर्बिणीला डोळाच लावेना. ‘ताई, आधी पाण्याची खोली बघा,’ तो म्हणाला. ‘पक्षी आपोआप समजतील.’

आणि तसंच होतं. मधल्या खोल पाण्यात काळे वारकरी आणि बुड्या मारणारी बदकं. त्याच्या अलीकडे, गुडघाभर पाण्यात, चित्रबलाक आणि चमचे. चमचे आपली चपटी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत चाललेले. त्याच्या अलीकडे थापट्या आणि तलवार बदकं, जेमतेम वीतभर पाण्यात शेपट्या वर करून. आणि अगदी काठाला, जिथे पाणी संपून नुसता ओला चिखल उरतो, तिथे तुतवार, शेकाटे, चिखले यांची धावपळ. प्रत्येकाची चोच वेगळ्या लांबीची. कुणी वरचा पापुद्रा टिपतो, कुणी दोन बोटं खोल जातो, कुणी चोच मुळापर्यंत खुपसून आतला किडा ओढून काढतो. त्या हातभर चिखलात मजले आहेत आणि प्रत्येक मजल्यावर वेगळा भाडेकरू जेवतो आहे. पाणी हातभर वाढलं की खालचे मजले बंद. पाणी पूर्ण आटलं की चिखलाची भेगाळलेली जमीन होते आणि सगळेच उपाशी. कालव्याला आवर्तन सुटलं की इथली पातळी उतरते, नवा चिखल उघडा पडतो आणि दुसऱ्या दिवशी तिथे पक्ष्यांची गर्दी. म्हणजे कोपरगावच्या उसाला पाणी कधी सुटतं यावर मध्य आशियातून आलेल्या पाहुण्यांचं जेवण ठरतं. मला ही साखळी फार गमतीची वाटते. आवर्तनाचं वेळापत्रक ठरवताना या पाहुण्यांचा विचार झाला तर ती आणखी आवडेल.

पण चिखलाचं खरं काम डोळ्यांना दिसत नाही. काठाजवळ काठी खुपसून वर काढली तर तिच्यावर दोन रंग दिसतात. वर दुधावरच्या सायीइतका पातळ, तपकिरी थर, खाली काळा. वरच्या थरात ऑक्सिजन पोचतो, खालच्यात नाही. एवढ्या छोट्या फरकावर नदीची सगळी धुलाई चालते. सांडपाण्यातून आणि शेतातल्या खतांतून आलेल्या अमोनियाचं वरच्या थरातले जंतू नायट्रेट करतात. ते नायट्रेट खालच्या काळ्या थरात झिरपलं की तिथले दुसरे जंतू, ज्यांना ऑक्सिजन मिळत नाही, ते श्वासासाठी नायट्रेटच वापरतात आणि त्याचा साधा नायट्रोजन वायू करून हवेत सोडून देतात. युरियाच्या गोणीतून निघालेला नायट्रोजन असा पुन्हा हवेत जातो. यासाठी वीज लागत नाही, निविदा निघत नाही. पाणकणसाची मुळं काळ्या थरातही थोडा ऑक्सिजन नेऊन पोचवतात, त्यामुळे दोन थरांची सरहद्द मुळामुळाभोवती वाढते आणि काम आणखी जोरात होतं. गुळगुळीत काँक्रीटवर यातलं काहीही होत नाही, कारण तिथे दोन थरच नाहीत.

फॉस्फरसची गोष्ट मात्र इतकी सुखाची नाही. तो हवेत उडून जात नाही. तो मातीतल्या लोहाला चिकटून गाळात बसतो, आणि वरच्या पाण्यात ऑक्सिजन आहे तोवर बसून राहतो. पाण्यातला ऑक्सिजन संपला की लोहाची पकड सुटते आणि वर्षानुवर्षं साठलेला फॉस्फरस पुन्हा पाण्यात येतो. म्हणजे प्रदूषण एका मर्यादेपलीकडे गेलं की ज्या चिखलाने घाण धरून ठेवली होती तोच ती परत करू लागतो. पाणथळी म्हणजे फुकटची सांडपाणी शुद्धीकरण केंद्रं, असं आता उत्साहाने सांगितलं जातं. मला त्या उत्साहाची थोडी भीती वाटते. चिखल काम करतो म्हणून त्याच्यावर वाट्टेल तेवढं काम टाकायचं, आणि तो थकला की गाळ काढायची मोहीम.

आता नदीच्या वरच्या अंगाला जाऊ. गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि १४६५ किलोमीटरचा प्रवास करून आंध्रात समुद्राला मिळते. पण तिचं घाणीचं पहिलं मोठं ओझं या प्रवासाच्या अगदी सुरुवातीलाच तिच्यावर पडतं. नाशिकच्या वर गंगापूर धरण आहे, १९६५ सालचं. शहराचं पाणी तिथून येतं. शहर नियोजनात असं धरतात की नळाने दिलेल्या पाण्यातलं सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन परत येतं. उन्हाळ्यात धरणातून नदीला स्वतःचा असा प्रवाह फारसा मिळत नाही. म्हणजे एप्रिल-मे महिन्यात तपोवनाच्या खाली जी वाहते ती गोदावरी बरीचशी आपल्या मोऱ्यांमधून गेलेलीच असते. तिला वाटेत वाघाडी भेटते, नासर्डी भेटते. कधीकाळी या दोघीही नद्या होत्या. आज शहरातल्या कुणालाही विचारा, तो त्यांना नालाच म्हणेल.

शुद्धीकरण केंद्रं आहेत, नाहीत असं नाही. पण एक साधं गणित कुणी समोर मांडत नाही. पाण्यातली घाण खाऊन संपवायला जंतूंना किती ऑक्सिजन लागेल याचं माप म्हणजे बीओडी. अंघोळीला योग्य नदीसाठी तो लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत हवा आणि विरघळलेला ऑक्सिजन किमान ५ हवा. शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याला मात्र केंद्र सरकारच्या २०१७ च्या अधिसूचनेने मोठ्या महानगरांत २० आणि इतरत्र ३० पर्यंत बीओडी चालवून घेतला. यात लबाडी नाही. केंद्रातून आलेल्या पाण्यात नदीचं स्वच्छ पाणी मिसळेल आणि २० चे ३ होतील, असं त्यामागे गृहीत आहे. पण मिसळायला नदीत पाणीच नसेल तर? शुद्धीकरण केंद्र नियमात, महापालिका नियमात, आणि नदी मात्र नापास. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशात नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे होते, त्यातले ५३ महाराष्ट्रातले. २०२२ मध्ये देशातले पट्टे ३११ वर आले आणि महाराष्ट्रातले ५५ झाले. दोन्ही वेळा पहिला नंबर आपलाच.

म्हणून मला वाटतं, गंगापूर धरणातून उन्हाळ्यात नदीसाठी म्हणून थोडं पाणी सोडणं हे आणखी एका शुद्धीकरण केंद्राइतकंच गरजेचं आहे. हे म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, ‘आणि लोकांनी काय प्यायचं?’ प्रश्न बरोबर आहे. पण जायकवाडीतून छत्रपती संभाजीनगर पाणी पितं, आणि ते लोकही लोकच आहेत. नाशिकच्या नळाखालून गेलेलं पाणी आणि त्यांचा पेला यांच्यामध्ये नांदूर मध्यमेश्वरचा चिखल उभा आहे. किती पाणी सोडलं यावर दोन प्रदेश न्यायालयात जातात. कसलं पाणी सोडलं यावर भांडताना मी अजून कुणाला पाहिलेलं नाही.

शहरात आपण चिखलाशी कसे वागतो हे बघायचं असेल तर रामकुंडापाशी जावं. तिथली जुनी कुंडं सिंहस्थाच्या सोयीसाठी काँक्रीटखाली गेली. ती मोकळी करावीत म्हणून काही नाशिककर वर्षानुवर्षं न्यायालयाच्या पायऱ्या चढत आहेत. त्यांचा मुद्दा असा की कुंडांना स्वतःचे जिवंत झरे होते आणि तळ बुजवल्याने ते कोंडले. गर्दीत पाय घसरू नये ही सोयीची बाजूही मला कळते. लाखोंचा जमाव आणि निसरडा काठ ही चेष्टा नाही. पण मोजक्या पर्वण्यांसाठी बारा वर्षं तळ बंद ठेवायचा, हा सौदा महागाचा आहे. घाट गुळगुळीत, काठ दगडी, बाजूला बाग, दिवे. अशी नदी फोटोत फार स्वच्छ दिसते. तिच्या काठाला एक बेडूकसुद्धा अंडी घालू शकत नाही.

पाणवेलींबद्दलही थोडं. दर उन्हाळ्यात गोदावरी हिरवी होते आणि दर उन्हाळ्यात पाणवेली काढण्याचं यंत्र आल्याचा फोटो येतो. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती पोषक पाणी मिळालं की पाहता पाहता दुप्पट होते, पाण्यावर झाकण घालते, खालचा ऑक्सिजन संपवते. रामसरच्या नोंदीत नांदूर मध्यमेश्वरला असलेल्या धोक्यांमध्ये तिचं नाव आहे, पाण्याचा उधळा वापर आणि वाढती लोकसंख्या यांच्या जोडीला. पण ती रोग नाही, ताप आहे. तिला खायला मिळतं तोवर ती येणारच. त्यातही काढलेल्या वेली काठावरच ढीग करून टाकल्या की त्या कुजून त्यांच्यातलं सगळं पोषण पहिल्या पावसात परत नदीत जातं. यंत्राचं भाडं तेवढं लागतं.

आणखी एक समज मला खोडायचा आहे, कारण तो पक्षिप्रेमींच्या तोंडून येतो. ‘पक्षी तर भरपूर दिसतात, म्हणजे पाणी इतकं वाईट नसणार.’ शेकाटे सांडपाण्यात मजेत राहतात. गटाराच्या तोंडाशी किड्यांच्या अळ्या अमाप असतात आणि लांब लाल पायांचा हा देखणा पक्षी त्यांच्यावर ताव मारतो. पुण्यात मुळा-मुठेच्या काळ्या पाण्यात त्यांचे थवे कुणीही पाहावेत. तेव्हा किती पक्षी दिसले यापेक्षा कोण दिसेनासं झालं ते विचारावं. नदीसुरय वाळूच्या उघड्या बेटांवर अंडी घालतो. वाळू गेली की तो गेला. स्वच्छ, वाहत्या पाण्यातले मासे आधी जातात. नांदूर मध्यमेश्वरच्या रामसर नोंदीत एका छोट्या माशाचा उल्लेख आहे, देवळालीच्या नावाचा, अतिसंकटग्रस्त. नाशिकच्या शेजारच्या गावाचं नाव जगाच्या यादीत नेणारा हा मासा. आपल्यापैकी किती जणांनी तो पाहिला आहे? मीही नाही.

यंदा आणि पुढच्या वर्षी नाशिकमध्ये नदीवर बरंच काम निघेल, कारण सिंहस्थ दारात आहे. मुख्य स्नानं २०२७ च्या पावसाळ्यात. पैसा येईल आणि तो घाटांवर, रस्त्यांवर, शुद्धीकरण केंद्रांवर जाईल. केंद्रांना माझी हरकत नाही. माझी एक बारीक मागणी आहे. नदीतला विरघळलेला ऑक्सिजन सतत मोजणारी यंत्रं आता सहज मिळतात. तसं एक यंत्र तपोवनाच्या खाली बसवावं आणि त्याचा आकडा मोठ्या फलकावर लावावा, रोजचा. पावसाळ्यात तो चांगलाच दिसेल; मे महिन्यातही तो फलक चालू ठेवायचा.

हे सगळं मी चांदोरीच्या एका शेतकरी आजोबांना सांगत होते. चांदोरी-सायखेडा हा बंधाऱ्याच्या वरचा पट्टा. २०१९ च्या पुरात ही गावं पाण्यात होती, त्याआधी २०१६ मध्येही. आजोबांनी माझं चिखलपुराण शांतपणे ऐकून घेतलं, चहा पाजला आणि मग बोलायला लागले.

‘ताई, तुमचं पटतंय. पण तुमचा तो चिखल वाढत वाढत आमच्या उंबऱ्याला आला त्याचं काय? गाळाने बंधारा उथळ झाला, पाणी मागे फुगतं. गाळ काढा म्हणून आम्ही किती वर्षं सांगतोय. काढायला गेलं की म्हणतात अभयारण्य आहे.’

याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं, आणि कुणी पक्षिप्रेमी ते तयार असल्याचं सांगत असेल तर त्याने चांदोरीत एक पावसाळा काढावा. तरी मला वाटतं ते मी बोलले. सगळा गाळ काढणं आणि काहीच न काढणं याच्यामध्ये बरीच जागा आहे. दरवाजांजवळचा आणि मूळ पात्राचा खोल गाळ उन्हाळ्यात काढता येईल, म्हणजे पुराला वाट मिळेल. कडेचे उथळ भाग, बेटं आणि लव्हाळ्याचे पट्टे तसेच ठेवायचे, कारण धुलाई तिथे होते आणि पक्षी तिथे जेवतात. काढलेला गाळ शेतात नेता येईल. राज्यात धरणांचा गाळ शेतकऱ्यांनी उचलून नेण्याची योजना आहेच. त्यातला फॉस्फरस नदीऐवजी पिकाला मिळेल. फक्त शेतात टाकण्याआधी तो तपासायला हवा. नाशिकच्या औद्योगिक वसाहतींत धातूंना मुलामा देणारे कारखाने आहेत, आणि अशा कारखान्यांच्या सांडपाण्यात क्रोमियम, निकेल असू शकतं. ते जंतू खात नाहीत. गाळात बसतं ते बसतंच.

‘म्हणजे आमच्या द्राक्षाला नाशिकचं निकेल?’ आजोबा हसले. ‘तपासणार कोण?’

मी म्हटलं, पाणथळीच्या व्यवस्थापनाच्या बैठकांना वनखातं असतं, पाटबंधारे असतं. तिथे चांदोरी-सायखेड्याचेही दोघंजण बसले पाहिजेत, आणि खाली खाणगाव थडीचेही. गाळ कुठला काढायचा हे तिथे नकाशा पुढ्यात घेऊन ठरवावं. यावर त्यांनी ‘बोलावलं तर येऊ’ एवढंच म्हटलं. बहुधा आजवर फार कुणी बोलावलेलं नसावं.

निघताना मी फलकाचा विषय पुन्हा काढला. ऑक्सिजनचा आकडा, तपोवनाखाली, सगळ्यांना दिसेल असा. त्यांनी मान हलवली.

‘तिथं नका लावू. तिथं बघणारा बघून घरी जाईल, त्याचं पाणी तर पुढं गेलेलं असतंय. सायखेड्याच्या पुलावर लावा. पुरात तुमच्या पाणवेली तिथंच अडकतात, गर्दी तिथंच होते. आकडा पडला की आम्ही ट्रॅक्टर घेऊन नाशिकला विचारायला येतो.’